खजूर आहे, खजूर नाही

माझ्या बायकोच्या मामूंइतका शिकवण्याचा हव्यास साऱ्या आखातात दुसऱ्या कुणाला नसेल. खाडी ओलांडताना ते होडीवाल्याला भरती-ओहोटीची कारणं सांगत आणि ती ऐकण्याच्या नादात होडी धक्का सोडून पुढे जाई. दाढ काढायला गेले, तर उघड्या तोंडानं डॉक्टरलाच दाढेची मुळं समजावू लागले. मामी म्हणायची, "झोपेतसुद्धा 'कळलं ना?' विचारतात. मी 'हो' म्हटल्याशिवाय घोरत नाहीत."

दुबईत तेल नुकतंच लागलं होतं, तेव्हा अशा माणसाच्या हाती कॉम्प्युटरवरचं एक पातळ पुस्तक पडलं. आमच्या जहाज कंपनीचे हिशेब आता बहारीनच्या मशीनवर जाणार होते. ते शिकायला एका तरुण कारकुनाला पाठवायचं आणि हेडक्लार्क मामूंना बोटीत बसवून रत्नागिरीला धाडायचं, असं साहेबाच्या मनात होतं.

"इस उमर में मशीन नहीं समझेगा," साहेब म्हणाला.

"समझेगा, साब. आपको भी समझा के दिखाता हूं!"

रमझान चालू होता. संध्याकाळी मामूंनी आम्हा सहा उपाशी कारकुनांना जोडीजोडीनं भिंतीशी उभं केलं. साहेबाला म्हणाले, "ही मेमरी. अक्कल शून्य. प्रत्येकाच्या लक्षात एकच गोष्ट राहते, मुठीत खजूर आहे किंवा खजूर नाही." जोडीतल्या डावीकडच्याचा खजूर दोनाचा, उजवीकडच्याचा एकाचा. पहिल्या जोडीत फक्त माझ्याकडे, म्हणजे डावीकडे, खजूर होता, झाले दोन. दुसरीत फक्त उजवीकडे, तो एक. तिसरी जोडी रिकामी, उत्तराची वाट बघत. "आणि मी प्रोसेसर. माझ्या लक्षात काही राहत नाही, मला फक्त करता येतं. आणायचं, मिळवायचं, नेऊन ठेवायचं."

माझी मूठ उघडून त्यांनी खजूर उचलला. "आकडा वाचला की जागा रिकामी होते, म्हणून खजूर लगेच परत ठेवायचा." फेऱ्या मारून मारून अखेर तिसऱ्या जोडीच्या दोन्ही मुठींत खजूर आला. दोन आणि एक, तीन!

साहेब हसला नाही. "जवाब ठीक है. पहले का हिसाब संभाला है क्या? फिर से दिखाओ."

मामू आमच्याकडे वळले आणि नेमकी मगरिबची बांग झाली. दिवसभराचा रोजा! आपण मेमरी आहोत हे कुणाच्या लक्षात राहतंय? चारही खजूर तोंडात गेले. माझ्या जोडीतला हुसेन कळवळला, "मी शून्य म्हणून काय उपाशी मरू?" मी माझ्यातला अर्धा त्याला दिला.

साहेबानं टोपी उचलली. तोच मामू एकदम ओरडले, "बिया थुंकू नका रे! हातावर घ्या!"

सगळे हुसेनकडे बघू लागले. त्याच्याकडे बी निघाली असती, तर दोनाचा आकडा गेलाच होता, आणि त्याच्यामागून मामू. हुसेननं चघळणं थांबवलं. तळवे पसरले. रिकामे! बी माझ्या हातावर होती. दोन, एक, तीन; सगळं जागच्या जागी.

साहेब त्या ओल्या बियांकडे बघत राहिला. मग टोपी डोक्यावर चढवत म्हणाला, "बहारीन. यल्ला, चलो!"

मामूंना आम्ही वाजतगाजत बोटीवर पोचवलं. त्यानंतर तिकडून हिशेबाचे लांबलचक कागद येऊ लागले. आम्ही सहाजण माना घालून त्यांत चूक शोधत बसायचो. एखादी सापडली असती, तर ती समजावायला मामूंना यावं लागलं असतं. पण तेवढी एक चूक काही त्यांनी केली नाही.