न विचारलेला प्रश्न

इस्लामपूरचे लालासाहेब वकील खुनाच्या आरोपीला "तू केलंस का?" असं कधीच विचारत नसत. कान विटाळला की कोर्टात जीभ लटपटते, असं ते म्हणत. सख्ख्या भावाच्या खुनातून त्यांनी सोडवलेला धुळा मेंढपाळ दर दिवाळीला त्यांना नवं घोंगडं आणून देई. यंदा नववं घोंगडं ठेवून तो उंबऱ्यातच बसला.

"सायेब, जेलात पयल्यांदा भेटलासा, तवाच म्या सांगणार हुतो. तुमी हात वर करून गप केलंसा. आता तरी इचारा की."

लालासाहेबांनी तोंड उघडलं, पण हात आपसूक वर गेला. धुळा डोळे पुसत निघून गेला.

नऊ घोंगडी पांघरूनही लालासाहेबांची हुडहुडी आता जात नाही.