डॉक्टरांचं पाणी

शाळा मी चौथीपर्यंतच केली, पण मराठी मला कळतं. म्हणून त्या तरुण डॉक्टरचा राग अजून जात नाही.

माझी बायपास झाली तेव्हा आम्ही पंचवटीत राहायचो. छाती मधोमध कापून, हाड तारेनं बांधून, वर टाके. टाके काढल्यावर दाखवायला गेलो. बायको औषधाच्या दुकानात थांबलेली. डॉक्टर कागदात डोकं घालून म्हणाला, "बाबा, पाणी येतंय का?"

मी सरळ सांगितलं, "दोन दिवस नाही. त्याआधी सकाळी यायचं."

"वास?"

"होता जरासा. गढूळ होतं."

"आता बंद आहे ना? मग छान." सदऱ्याचं बटणसुद्धा सोडायला लावलं नाही.

रिक्षात बायकोनं विचारलं, "बनियन चिकटतंय ते सांगितलं?"

"ते कुठं विचारलं त्यानं? नळाचं विचारत होता."

"अहो, डॉक्टर नळाचं कशाला विचारील?"

"आंघोळीसाठी. अंग धुवायला पाणी लागतं की नाही?"

तिनं कपाळावर हात मारला आणि रिक्षा वळवायला सांगितली. मी म्हणालो, मी उतरणार नाही. रिक्षावाला म्हणाला, "काका, बसून राहा, रिक्षा तर वळणारच."

या वेळी मोठ्या डॉक्टरांनी बघितलं. जखमेच्या खालच्या टोकाला दाबलं तर पू आला. बायकोचा चेहरा उतरला. ते म्हणाले, "हाडापर्यंत गेला असेल तर तार काढायला छाती परत उघडावी लागेल."

परत उघडायची! पहिल्या ऑपरेशननंतरचं खोकणं आठवलं तरी माझे डोळे पांढरे व्हायचे.

त्यांनी छातीवर दोन्ही तळवे ठेवले. "खोका."

मी घाबरत घाबरत खोकलो.

"जोरात. रिक्षावाल्याशी भांडलात तसं." बायकोनं तेही सांगून टाकलं होतं.

जोरात खोकलो. त्यांनी हात तसेच ठेवून परत खोकायला लावलं. मग म्हणाले, "हाड हलत नाही. वरवरचंच दिसतंय." तेवढी जागा उघडून धुतली, आत पट्टी भरली. रोज यायचं ठरलं. वर मलाच सांगितलं, "बाबा, डॉक्टर विचारतात ते नीट ऐकत जा."

मी पडल्या पडल्याच म्हणालो, "साहेब, ऐकलं नीटच. पुवाला पू म्हणायला तुमच्या त्या पोरगेल्या डॉक्टरला कुणीतरी शिकवा."

बायकोनं माझा पाय दाबला. डॉक्टरांनी चिमट्यानं पट्टी आणखी आत सारली, आणि माझं बोलणं तिथंच थांबलं.