शेजाऱ्याच्या पंपावर पोसलेला कांदा

"आवं, शेजारच्या बिराप्पाचा फवारणीचा पंप वाजला की तुमी उठताय. आपल्या कांद्याची पात कवा बघणार?" बनुबाईनं चुलीपुढनंच नवऱ्याला टोमणा हाणला.

"पात काय बघायची? त्यो औषध मारतोय म्हंजी फुलकिडं आलं आसणार," म्हणत गुंडानं भर दुपारी पंप पाठीला लावला.

खंडाळ्याच्या शिवारात गुंडानं आजवर स्वतःच्या डोक्याला कधी तसदी दिली न्हाई. चुलतभावानं कांदा लावला, यानं लावला. चुलतभावाचं लगीन ठरलं, तर त्याच मांडवात यानं आपलंही उरकून घेतलं. बायको चांगली मिळाली, त्यात याची काही कर्तबगारी न्हाई. कीड बघायला कांद्यापुढं वाकायचं म्हणजे लय कमीपणा. बिराप्पाचा पंप ऐकायला कान होते की दोन.

औषध ओतून, घामाघूम होऊन तो बांधावर आला, तर बिराप्पा नव्याकोऱ्या पंपानं म्हैस धूत होता.

"काय रं, कसलं औषध मारलंस?"

"शांपू. म्हशीला गोचिड्या लय झाल्यात. तुझ्या कांद्यालाबी हायत व्हय?"

एवढ्यानं शहाणा झाला तर तो गुंडा कसला! पुढं बिराप्पा लेकीकडं आष्ट्याला गेला. पंप गप्प, म्हणून गुंडाही निवांत. कांदा पोसायच्या ऐन दिवसांत पातीवर पांढुरके चट्टे उठले, शेंडे वाकडे झाले. ते त्यानं उन्हावर ढकललं.

शेवटी बनुबाईनं वरच्या वाफ्यातलं एक रोप उपटून त्याच्या ताटाशेजारी आपटलं आणि गाभा फाकवला. आत पिवळसर बारीक किडे वळवळत होते.

"ह्ये बघा. का बिराप्पाला फोन लावू?"

गुंडानं ताट बाजूला सारलं. वरच्या वाफ्यांतला कांदा आता लिंबाएवढाच राहणार, हे दिसत होतं. तो खालच्या वाफ्यांकडं धावला, आयुष्यात पहिल्यांदा कांद्यापुढं गुडघे टेकले आणि रोपं फाकवली. इथं कीड नुकती शिरत होती. वाचला तर एवढाच वाचणार.

तो पंपाकडं वळला तशी बनुबाई ओरडली, "आता नगं! उनाचं किडं गाभ्यात दडत्यात. ऊन उतरू द्या."

"आन् तवर?"

"तवर तण काढा. वाकायची सवय हुईल."

ऊन कललं. गुंडानं औषध कालवलं, पातीवरनं घसरू नये म्हणून चिकटायचं द्रव्य घातलं, आणि नळीचं तोंड थेट गाभ्यावर धरून एकेक सरी चालायला लागला.