बांधावरून येणारा आठ नंबर

आमच्या फुटबॉल संघावर क्रॉसवरून जितके गोल झाले, तितकी वांगी नाचणगावच्या शिवारात आजवर पिकली नसतील. हे मी जरा कमी करूनच सांगतो आहे. संघ म्हणजे कॉम्प्युटरवरच्या मॅनेजर गेममधला. खेळाडू पळतात, आपण खुर्चीत बसून फक्त ठरवायचं, कोणी कुठे उभं राहायचं आणि कोणी कोणाला धरायचं. विलायतेतल्या कुठल्याशा कोपऱ्यातला हा क्लब मी आणि माझ्या मोठ्या भावाने मिळून घेतला, तेव्हा आम्ही एकाच घरात राहत होतो. पुढे वाटणी झाली. भाजीच्या वावरात मधोमध बांध पडला, चुली दोन झाल्या. माय आणि कॉम्प्युटर माझ्याकडे राहिले. क्लब तेवढा कोणाला तोडता आला नाही. म्हणून दर रविवारी दुपारी दादा यायचा, सामना संपला की चपला घालून निघायचा. दुसरं बोलणं आमच्यात उरलं नव्हतं.

त्या हंगामाच्या शेवटी क्लबच्या संचालकांचा निरोप आला: पुढचा सामना हरलात तर नारळ. तसा नवा क्लब घेता येतो. पण तो एकत्र घेऊ असं कोणी कोणाला म्हणायचं? आणि क्लबच नसला तर दादा रविवारी कशाला येईल? दोघंही नुकत्याच हरलेल्या सामन्यातला गोल पडद्यावर बघत बसलो.

गोल नेहमी एकाच तऱ्हेने व्हायचा. समोरच्यांचा विंगर कडेने पळत यायचा, गोलासमोर उंच क्रॉस मारायचा, सगळे चेंडूकडे बघायचे आणि मागून त्यांचा आठ नंबर, उशिरा, लग्नात जेवायच्या वेळेला पोचणाऱ्या पाहुण्यासारखा येऊन गोल मारून जायचा. उपाय म्हणून दादाने बचावाला दोन उंच बॅक आणले होते. त्यातला एक तर इतका उंच, की पडद्यात मावायला त्याला वाकावं लागायचं. त्याच्या डोक्यावरून चेंडू जात नसे हे खरं, पण पायाशी काय चाललंय ते त्याला दिसायचं नाही.

"तुह्या माणसानं सोडलं त्याले," दादा म्हणाला.

"बॉक्सात आल्यावर तो तुहा."

"आला कुठून? तुह्याकडूनच न?"

"मग तुहे दोन खांब काय पाहून राह्यले होते?"

"बॉल."

"बॉल तं माय बी पाहून राह्यली."

तांदूळ निसत बसलेली माय म्हणाली, "मले नोका घेऊ तुमच्यात. मी कोनाच्याच टीमात नाई."

मी तो गोल मागे नेऊन पुन्हा लावला. तेव्हा दिसलं. क्लबही आम्ही वावरासारखाच वाटून घेतला होता: बचाव दादाचा, मधली फळी आणि हल्ला माझा. एकाने दुसऱ्याच्या माणसाला हात लावायचा नाही. आणि आठ नंबर माझ्या फळीच्या मागून, दादाच्या बॅकच्या पुढून, मधल्या पट्ट्यातून चालत येत होता. ती वाट माझ्या ओळखीची होती. आमच्या वावरात वांदरं तशीच येतात. एक हुप्प्या दादाच्या टमाटरांवर उडी घेतो, एक माझ्या वांग्यांवर. आम्ही आपापल्या टोकाला धावतो आणि बाकीची फौज बांधावरून वरातीसारखी येते. बांध ना त्याचा, ना माझा.

"दादा, हा बांधावरून येऊन राह्यला."

दादाने खुर्ची पडद्याजवळ ओढली. मग म्हणाला, "बांधावर मानूस ठेव मंग."

"कोनाचा?"

"तुहाच घे. पन काय करायचं ते मी सांगन त्याले."

वाटणीनंतर पहिल्यांदा मी त्याच्याकडे माऊस सरकवला. माझा सगळ्यात लाडका मिडफिल्डर त्याने उचलून दोन खांबांच्या पुढे ठेवला आणि त्याला एकच काम दिलं: चेंडू पाहायचा नाही, आठ नंबर सोडायचा नाही. मग घसा खाकरून म्हणाला, "तुहा विंगर माह्या बॅकच्या मदतीले येईन का? तो एकटा पडते तिथं."

"येईन न. बोलावलं तं काऊन नाई येनार?"

सामन्यात क्रॉस टोळधाडीसारखे आले. आठ नंबर दर वेळी आला आणि दर वेळी आमचा माणूस त्याच्या सावलीत सावली घालून उभा. शून्य-शून्य. नोकरी वाचली. दादाने जाताना मायच्या हातचा चहा घेतला.

दुसऱ्या दिवशी वांदरं आली. मी वांग्यांकडे न जाता काठी घेऊन सरळ बांधावर धावलो. समोरून दादाही काठी घेऊन बांधावरच आला. बांधावर एकही वांदर नव्हतं. त्याची टमाटरं आणि माझी वांगी दोन्हीकडे मजेत खाल्ली जात होती.

"मंधात एकच ठेवाचा होता बे," दादा म्हणाला. "तू थांब इथं."

आणि तो आधी माझ्या वांग्यांकडे पळाला.