पंक्चरचं सोल्युशन आणि उल्हास

टेबल टेनिसच्या बॅटच्या लाकडावर गोंदाचा हात फिरवून मी पडवीत बसलो होतो, तो पांढरा थर सुकून आरपार दिसायची वाट बघत... तेवढ्यात उल्हास गेल्याचा फोन आला. झोपेतच गेला. माझ्या तोंडून पहिलं काय निघावं? "या माणसानं शेवटपर्यंत माझं ऐकलं नाही!" बायको बघतच राहिली. आता महिना होत आला, तरी माझा राग काही उतरत नाही.

उल्हास मूळचा पेडण्याचा. खाणीवर डंपर चालवायला डिचोलीत आला आणि मये गावात घर करून राहिला. मी बँकेतला. देवळाच्या हॉलमधल्या टेबलावर आमची गाठ पडली आणि दुहेरीत जोडी जमली ती जमलीच. माणूस लाख मोलाचा, पण हट्टी! बॅटचं रबर जुनं झालं की सोलून नवं चिकटवावं लागतं. त्यासाठी पाण्यातला गोंद मिळतो, त्याला वास नाही, काही नाही. हा मात्र सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन लावायचा. लाकडाला थर, रबराला थर, वरून फिरवायला त्याच्या बायकोचं, शालिनीवहिनींचं पोळ्यांचं लाटणं! घरभर पेट्रोलसारखा वास सुटायचा आणि वहिनी करवादायच्या. त्या सोल्युशननं स्पंज फुगतो, चेंडू सुसाट सुटतो, आवाज खणखणीत येतो, सगळं कबूल. पण स्पर्धेत त्याला बंदी आहे त्याचं काय?

आणि मला एकदा, आयुष्यात एकदाच, ज्येष्ठांच्या राज्य स्पर्धेत दुहेरीचं पदक हवं होतं. उल्हासशिवाय ते जमणार नव्हतं. मी गोंदाची बाटली आणून त्याच्या हातात कोंबली. दुसऱ्या दिवशी परत!

"माका नको तुझो तो पांढरो गोंद. बिनमिठाची पेज कशी, तसो लागता. बॉल खंय लागलो, ताच कळना नाय."

"अरे, डोळे आहेत ना तुला?"

हसला नुसता. मी कपाळावर हात मारून घेतला.

पणजीच्या स्पर्धेत व्हायचं तेच झालं. पंचांनी त्याची बॅट नाकाला लावली आणि बाजूला ठेवून दिली. उसन्या बॅटनं उल्हास असा खेळला की मला लाज वाटावी. सोपे चेंडू कडेला लागून उडत होते. पहिल्याच फेरीत घरी! परतताना फेरीबोटीत मी त्याला नको नको ते बोललो. तो पाण्याकडे बघत म्हणाला, "हात सवयीचो नाय रे." बस्स, एवढंच. त्यानंतर हॉलमध्ये आम्ही खेळायचो, पण स्पर्धेचा विषय त्यानं काढला नाही आणि मी काढला की तो उठून जायचा.

बाराव्याला गेलो तेव्हा तिथंही मी त्या सोल्युशनवरून कुरकुरलो. वहिनी ऐकत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "भावजी, तेंका उजव्या डोळ्यान धड दिसत नव्हता. डाव्याचाही तसाच होत चल्लेला. बॅटीच्या आवाजार खेळत होते. तुमका कळला तर तुमी दुसरो जोडीदार बघतलास, म्हणान माका शपथ घातलेली."

खुंटीवरची त्याची बॅट मी काढली आणि डोळे मिटून तिच्यावर चेंडू उडवत राहिलो. मध्यावर टक्... जरा बाजूला गेला की ठप्... अगदी कडेला नुसतंच पुसट काहीतरी. माझी बॅट अशी बोलत नाही. वहिनींनी चहा आणून ठेवला, तो निवून गेला.

बॅट आता माझ्याकडे आहे. रोज संध्याकाळी डोळे मिटून चेंडू उडवतो आणि रोज नव्यानं संतापतो. अरे गाढवा, दुसरा जोडीदार? स्पर्धा गेली खड्ड्यात, असं म्हणून मीच धावत जाऊन तुला सोल्युशनची ट्यूब आणून दिली असती की रे! एकदा सांगून तरी बघायचंस...