कोपीत टिकणारं कार्ड

पाथर्डी तालुक्यातल्या त्या उपकेंद्रात ज्ञानेश्वरी सिस्टरांच्या नोंदींना कुणी नावं ठेवावीत, अशी सोयच नव्हती. अक्षर टपोरं, एकही रकाना रिकामा नाही. पण दिवाळी झाली की गावातल्या गरोदर बायका नवऱ्यासोबत ऊसतोडीला निघून जात, फडाजवळच्या पाचटाच्या झोपडीत, कोपीत, हंगाम काढत आणि त्यांच्या फायली कपाटातच राहत.

एका हंगामात गावातली ज्योती दूरच्या कारखान्यावर बाळंतपणात अडली. आधीचं बाळंतपण सिझर, रक्तगट निगेटिव्ह. तिथल्या डॉक्टरांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. रक्त मिळायला उशीर झाला, ती जाता जाता वाचली. ते ऐकून सिस्टरांनी कपाट उघडलं. सगळं लिहिलेलं होतं. जिथं हवं होतं, तिथं मात्र एक अक्षर पोचलं नव्हतं.

त्यांनी आरोग्य केंद्राच्या डॉक्टर धनश्री यांना गाठलं. "मॅडम, फाईल आपल्यापाशी राहू द्या. पण बाईबरोबर जाईल असं काहीतरी करायला हवं."

"अनोळखी डॉक्टरला आधी काय कळायला हवं?" मॅडमनी कागद पुढं ओढला. दोघींनी भरपूर लिहिलं आणि त्यातलं बरंचसं खोडलं. धोका आणि रक्तगट सगळ्यात वर, लाल अक्षरांत. खाली न चालणारी औषधं, उपकेंद्राचा फोन. बस्स.

नमुना त्यांनी गावातल्या मनकर्णाबाईंना दाखवला. ऊसतोडीत आयुष्यभर कोयता चालवलेली ती बाई कार्ड उलटंपालटं करत म्हणाली, "कोपीत कागद टिकत न्हाई, सिस्टर. लई दव पडतं. अन् पेटीत ठिवलं तर घाईत हुडकनार कोन?"

मग कार्डाला प्लास्टिक चढलं, गळ्यात अडकवायला दोरी आली.

पुढच्या हंगामात एका दुपारी परजिल्ह्यातल्या रुग्णालयातून फोन आला. "तुमच्या गावची सविता इथं आलीय. कार्ड बघून रक्त आधीच मागवलं. मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. कार्ड कुणी बनवलं हो?"

"आम्ही तिघींनी," सिस्टर म्हणाल्या. फोन ठेवल्यावरही त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू मावळेना.

यंदा तालुक्याच्या बैठकीत सगळ्या उपकेंद्रांसाठी ते कार्ड मांडायला सिस्टर मनकर्णाबाईंना घेऊनच गेल्या. तालुक्याच्या आरोग्य अधिकारी साहेबांना कार्ड आवडलं. "जागा आहे, तर अजून चार रकाने घालूया?"

"नको, साहेब," सिस्टर ठामपणे म्हणाल्या. "ती जागा मुद्दाम सोडलीय. गर्दी केली तर धोका दिसायचा नाही."

साहेबांनी क्षणभर कार्ड न्याहाळलं आणि आहे तसंच छापायला सांगितलं. "व्हय, तसंच छापा!" मनकर्णाबाई मागून मोठ्यानं म्हणाल्या.