तीन दहाचा निरोप

हे मी लिहिणारच नव्हते. दोनदा कागद टाइपरायटरला लावला आणि दोनदा ओढून काढला, कारण पद्मावतीअक्का म्हणाल्या होत्या, "माझं काय गं लिहायचं? स्वल्प कान दिला, एवढंच तर केलं." पण ते एवढंच नव्हतं. म्हणून लिहितेय, आणि भराभरा लिहितेय, नाहीतर परत धीर जाईल.

बेंगलोरच्या चामराजपेटेत पिठाच्या गिरणीला लागून अक्कांचं घर. त्यांचे पूर्वज शहाजीराजांच्या वेळी इकडे आले ते इथलेच झाले. घरात मराठी, पण निम्मी कानडीत भिजलेली. अक्कांना मूलबाळ नाही. धाकटा भाऊ बिंदुमाधव, तो वर्षाचा असताना आई गेली आणि अक्कांनी त्याला कडेवर घेतला तो कधी खाली ठेवलाच नाही. भाऊ आपला नावाला. लेकच तो.

आणि हा लेक जाऊन बसला विमानात! एका खासगी कंपनीची माल वाहणारी डकोटा विमानं होती, त्यात बिंदू रेडिओ ऑफिसर. कप्तान विमान चालवणार आणि हा मागे कानाला यंत्र लावून जमिनीवरच्या माणसांशी बोलणार. आज मुंबई, उद्या कोचीन. तो गेला की अक्कांच्या घशाखाली घास उतरायचा नाही. चूल पेटायची, स्वयंपाक व्हायचा, ताट वाढून झाकून ठेवायचं आणि तो दारात दिसला की मग जेवायचं. कधी दुपारी चारला, कधी संध्याकाळी सातला.

शेवटी बिंदूच वैतागला. एका रविवारी त्यानं अक्कांना घरच्या रेडिओसमोर बसवलं. काटा शॉर्टवेव्हवर नेला, सगळी गाणी, सगळ्या बातम्या ओलांडून नुसती खरखर होती तिथे आणला. खरखरीतून एक नाकातला आवाज आला, त्याला दुसऱ्यानं उत्तर दिलं.

"हा खालचा माणूस. आणि हा वरचा, विमानातला," बिंदू म्हणाला. "मी असतो तेव्हा मी असाच बोलतो."

"हे इंग्लिश आहे का रे? मला तर एक अक्षर कळंना."

"इंग्लिशच. पण यात मनाला येईल ते बोलायचं नसतं अक्का. शब्द ठरलेले. घाबरलेला माणूससुद्धा तेच शब्द बोलतो, म्हणून तर पलीकडच्याला कळतं."

अक्कांनी कपाळाची टिकली काढली आणि रेडिओच्या काचेवर, काटा होता बरोबर तिथे चिकटवली.

मग शिकवणी सुरू झाली, अक्का वहीत उतरवून घ्यायच्या. विमानाच्या अंगावरची शेवटची दोन अक्षरं हे त्याचं नाव, बिंदूच्या विमानाचं क्यू-झेड, ते रेडिओवर म्हणायचं 'केबेक झूलू'. 'ईटीए' म्हणजे किती वाजता पोचणार. 'एंड्युरन्स' म्हणजे पोटात किती तासांचं पेट्रोल आहे. 'स्टँड बाय' म्हणजे गप्प राहा, मी कामात आहे. विमानातलं घड्याळ विलायतेच्या वेळेवर, त्यात साडेपाच तास मिळवले की आपली वेळ. पोळ्या लाटता लाटता अक्कांचे साडेपाच मिळवून व्हायचे! आणि सगळ्यात लाडका शब्द 'ऑपरेशन्स नॉर्मल'. सगळं ठीक आहे. तो दर अर्ध्या तासाला विमानानं खाली कळवायचाच. नाही कळवला, अन् पुढचा अर्धा तासही तसाच गेला, तर खाली 'अनसर्टन्टी' जाहीर होते, माणसं खुर्चीतून उठतात. आणखी अर्धा तास गेला की 'अलर्ट'. आणि त्याच्याही पुढे तिसरा एक शब्द. तो अक्कांनी वहीत लिहिलाच नाही. ओळ कोरी ठेवली.

पुढे अक्कांनी ती वही मोडीत उतरवून काढली. त्याला कारण होतं. बिंदूचं लग्न झालं, पुण्याची नयना घरात आली, आणि वर्षाच्या आत तिला दिवस राहिले. अक्कांना वाटलं, पोटुशी पोर, तिच्या कानावर हे अर्ध्या अर्ध्या तासाचं भय कशाला? पुण्याच्या मुलीला मोडी कुठली वाचता येते! दार ओढून घ्यायचं, आवाज अगदी बारीक ठेवायचा. अक्कांचे यजमान विश्वेश्वरअण्णा, ते तारऑफिसात, ते वेगळंच घाबरायचे. "दुसऱ्याचे निरोप ऐकायचे नाहीत असं रेडिओच्या लायसनवर छापलंय गं. माझी नोकरी जाईल," असं ते रोज म्हणायचे आणि रोज ऑफिसला जाताना रेडिओकडे पाठ करून जायचे.

साठ सालचा मे महिना. नयनाचं डोहाळजेवण. हिरवी साडी, हिरवा चुडा, मल्लिगेच्या, म्हणजे मोगऱ्याच्या, कळ्यांची भरगच्च वेणी. अंगण बायकांनी भरलेलं, आत चित्रान्न, कोसंबरी आणि होळिगे, म्हणजे पुरणपोळी. बिंदू सकाळीच मुंबईला गेला होता, "साडेचार-पाचला येतो, माझ्या वाटणीची होळिगे ठेव" म्हणून.

दोन चाळीसला अक्का वाढता वाढता मधल्या खोलीत शिरल्या. टिकलीवर काटा. बिंदूचाच आवाज! केबेक झूलू, बेळगाव ओलांडलं, ऑपरेशन्स नॉर्मल, अकरा दहाला बेंगलोर. म्हणजे चार चाळीस. सरी, ठीक आहे! अक्का तूप घेऊन बाहेर आल्या.

तीन दहाला परत गेल्या. खरखर. तीन बारा. तीन पंधरा. मग खालचा माणूस बोलला, "केबेक झूलू, केबेक झूलू, बेंगलोर." गप्प. परत हाक. परत गप्प. अक्कांनी खिडकीतून पाहिलं, पश्चिमेला आभाळ शाईसारखं झालं होतं. त्यांच्या हातातली वाटी पदरावर कलंडली ते त्यांना कळलंसुद्धा नाही.

"काय हो अक्का, इकडे काय करताय? आणि ही काय खरखर!" शेजारच्या चंद्राबाईंची शालन, पंधरा-सोळा वर्षांची, गाण्याची वेडी. ती आत आली आणि कुणी काही म्हणायच्या आत तिनं बटण फिरवलं. गाणं लागलं. मोठ्यानं.

"शालन, नको गं," एवढंच अक्कांच्या तोंडून निघालं.

"नको काय? डोहाळजेवण आहे का तेरावं?" बाहेरून चंद्राबाई ओरडल्या. "लाव गं तू! अक्का, या बाहेर, ओटी कोण भरणार?"

आता सांगा, काय करायचं? गाणं बंद करा म्हटलं तर का, ते सांगावं लागणार. ते सांगितलं तर सात महिन्यांची गरोदर नयना समोर बसलेली. अक्का बाहेर आल्या. हसल्या. खणानारळानं ओटी भरली. नारळ हातातून निसटला, तर म्हणाल्या, जड आहे. नयना त्यांच्याकडे टक लावून पाहत होती, अक्कांनी नजर चुकवली.

तीन पंचवीस. तीन तीस. आत गाण्यामागून गाणं. त्या वेळात खालून किती हाका मारल्या असतील, वरून काही आलं असेल का, नसेल का, आणि आपण इथे हळदकुंकू लावत बसलोय! अक्का मला म्हणाल्या, "माझ्या छातीत सुद्धा कुणीतरी केबेक झूलू, केबेक झूलू करत होतं गं."

मग दोन झाकलेल्या वाट्या आल्या. एकीत पेढा, एकीत बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. बायका सरसावून बसल्या.

"उचल गं नयना! डावी की उजवी?"

"पुण्याची आहे, आधी वास घेऊन बघेल!" हशा पिकला.

नयनानं हात पुढे केला. भिंतीवरच्या घड्याळात तीन चाळीस झाले. तिनं हात मागे घेतला.

"शालन," ती म्हणाली, "ते गाणं बंद कर आणि काटा टिकलीवर आण."

"आं?"

"टिकलीवर आण म्हणते ना! वन्सं, तीन दहाचा आला नाही ना?"

अक्का तिथेच, तिच्या चौरंगापाशी बसल्या. "तुला... तुला कसं गं?"

"वही मोडीत लिहिलीत, मला वाचता येऊ नये म्हणून," नयना म्हणाली. "कान कसे झाकणार होतात? मधे फळ्यांची भिंत आहे. चार महिने झाले, तुम्ही इकडे मोजता, मी पलीकडे मोजते. चला, उठा. मला एकटीला ते आकडे समजत नाहीत."

फुलांनी मढलेली ती पोर पोट सांभाळत उठली आणि दोघी आत गेल्या. बायका दारात. कुणाला काही कळत नव्हतं, चंद्राबाईंनासुद्धा नाही.

खरखर. "केबेक झूलू, बेंगलोर." गप्प. मग खालचा माणूस म्हणाला, ऐकणाऱ्या कुठल्याही विमानानं केबेक झूलूला हाक मारून बघावी. अक्कांनी नयनाचा हात धरला. बांगड्या रुतत होत्या तरी सोडला नाही. तीन पंचेचाळीस. तीन पन्नास. आणखी वीस मिनिटांनी 'अलर्ट', आणि त्याच्यापुढे ती कोरी ओळ, हे त्या खोलीत दोघींनाच माहीत.

तीन त्रेपन्नला एक अनोळखी आवाज आला. मद्रासहून निघालेलं कुठलं तरी प्रवासी विमान. त्यातला माणूस इतकं भराभर बोलला की अक्कांना फक्त 'केबेक झूलू' कळलं.

"रिले म्हणतोय," नयना म्हणाली. "रिले म्हणजे?"

"म्हणजे दुसऱ्याचा निरोप सांगतोय," अक्का म्हणाल्या. "पुढे? पुढे काय म्हणतोय?"

"त्यांचा मोठा ट्रान्समीटर बंद पडलाय. जवळच्या विमानाशी बोलायचा छोटा चालतोय. दावणगेरे, थांबा, दावणगेरे दहा दहाला. ढग टाळून येताहेत. आणि वन वन टू फाइव्ह."

"अकरा पंचवीस," अक्का म्हणाल्या. "साडेपाच मिळव. चार पंचावन्न."

"आणि ऑपरेशन्स नॉर्मल, वन्सं! शेवटी म्हणाला! तुम्ही ऐकलंत ना?"

अक्कांनी ऐकलं होतं. त्यांनी नयनाच्या वेणीत तोंड खुपसलं आणि ज्या काही रडल्या, ज्या काही रडल्या! मग चंद्राबाईही रडायला लागल्या, कशासाठी ते माहीत नसताना. "अय्यो, कुणी मला सांगेल का काय झालं?"

पण चार पंचावन्न व्हायचे होतेच की. उतरतानाचं बोलणं दुसऱ्याच लहरींवर, ते त्या रेडिओवर यायचं नाही. दोघी तशाच बसून राहिल्या. पेढा-बर्फी कुणी उचललं नाही. साडेसहाला कंपनीची गाडी गिरणीपाशी थांबली आणि बिंदू आला, भिजलेला, भुकेला. "ट्रान्समीटर जळला, त्यात काय एवढं? होळिगे ठेवलीय ना?" अक्कांनी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि ताट वाढलं. तीन ताटं वाढली. नयनानंही दुपारपासून घास घेतलेला नव्हता.

त्यानंतर मधल्या खोलीचं दार कधी ओढलं गेलं नाही. अक्कांनी वाचून दाखवली आणि नयनानं वहीची देवनागरीत नक्कल केली, इंग्लिशचे अर्थ घातले, कोरी ओळ मात्र कोरीच ठेवली. चंद्राबाईंनी ही गोष्ट गल्लीभर केल्यावर विश्वेश्वरअण्णा आठवडाभर दारावर थाप पडली की दचकायचे. नंतर एक दिवस म्हणाले, "आवाज स्वल्प मोठा ठेवत जा. मला पण काळजी असते."

आता बिंदूची बदली कलकत्त्याला झालीय, जमिनीवरच्या कामावर. नयना आणि दोन्ही मुली तिकडेच. विश्वेश्वरअण्णा दोन वर्षांपूर्वी गेले. अक्का एकट्याच आहेत. मी मागच्या मंगळवारी गेले तेव्हा दारात चार वेळा हाक मारली, मग खांद्याला हात लावला तेव्हा त्या वळल्या. डावा कान पूर्ण गेलाय. उजवा दिवाळीपर्यंत टिकेल की नाही, डॉक्टरांनाही सांगता येत नाही. मला म्हणाल्या, "माणसांचं बोलणं ऐकून घ्यायचंय गं, कुणी येतच नाही."

म्हणून लिहिलं, बेंगलोरच्या आपल्या मराठी मंडळींसाठी. गिरणीला लागून घर, दाराला निळा रंग. राजाजीनगरहून एकच बस, के. आर. पुरमहून लांब पडेल, पण जा. दुपारी तीननंतर त्या मोकळ्या असतात. उजव्या बाजूला बसा, हळू बोला, खूप बोला. सुट्टी लागू दे, पाहुणे जाऊ देत, असं करू नका. या रविवारीच जा.